वारस म्हणून नाव लागताना

गावात माणूस गेला की तेराव्यानंतर, कधी वर्षश्राद्धानंतर, वारसनोंदीचा विषय निघतो. अर्जाला मृत्यूचा दाखला, सातबारा, आठ-अ आणि सर्व वारसांची नावे व नाती लिहिलेले प्रतिज्ञापत्र जोडावे लागते. अर्ज गाव नमुना सहा-क मध्ये, म्हणजे वारसा प्रकरणांच्या नोंदवहीत चढतो, चौकशी होते, फेरफार पडतो आणि सातबारावर नवी नावे लागतात. प्रतिज्ञापत्राच्या शेवटी बहुधा एक ठरलेले वाक्य असते: मयताला वरील वारसांखेरीज अन्य वारस नाहीत. पुष्कळ घरांत ते खरेच असते. काही घरांत मात्र ते लिहून देणाऱ्याला, त्यावर साक्ष घालणाऱ्याला आणि साऱ्या भावकीला ठाऊक असते की मयताचे आणखी एक घर होते, त्या घरात मुले आहेत आणि त्यांच्या शाळेच्या दाखल्यावर बापाचे म्हणून याच माणसाचे नाव आहे.

विवाहाबाहेर जन्मलेल्या मुलांच्या वारसाहक्काचा अभ्यास या वाक्यापाशी सुरू होतो. कायद्याचे विद्यार्थी, तालुक्याच्या कोर्टात उभे राहणारे तरुण वकील, महसूल खात्यात नव्याने रुजू झालेले अधिकारी, समाजशास्त्राचे आणि इतिहासाचे अभ्यासक, या सर्वांचे इथे मनापासून स्वागत आहे. विषय अवघड नाही. तो चार वेगवेगळ्या कपाटांत विभागला गेला आहे, एवढेच. निवाडे वकिलांकडे, फेरफार तलाठ्याच्या दप्तरात, रूढी जुन्या गॅझेटियरमध्ये आणि माणसे गावात. ही चारही कपाटे एकदम उघडून बसणारा वाचक या क्षेत्राला हवा आहे.

माझी दिशा आधीच सांगतो. आपल्या कायद्याने या मुलांना हक्क दिले, पण आईबापांच्या लग्नाच्या मापाने मोजून दिले. दिलेला हक्क हातात पडतो की नाही, हे पुन्हा गावपातळीच्या कागदावर ठरते. त्यामुळे मूल कोणाचे, हा साधा प्रश्न मागे राहतो आणि लग्न कसले होते, याचाच खल पिढ्यान्पिढ्या चालतो. अभ्यासकाने सुरुवात मुलापासून करावी, लग्नापासून नव्हे, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

जुन्नर आणि आंबेगाव हे पुणे जिल्ह्यातले दोन तालुके मी समोर ठेवतो, त्याला कारण आहे. महसुली रचनेत ते एका उपविभागात येतात आणि त्यांचे प्रांत कार्यालय मंचरला आहे. या एका उपविभागात या विषयाच्या जवळजवळ सगळ्या बाजू भेटतात. पूर्वेकडे कुकडी प्रकल्पाचे पाणी आहे. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या धरणांनी जिरायती शिवार बागायती केले. ऊस, द्राक्षे, कांदा, टोमॅटो आले आणि पुणे-नाशिक रस्त्यालगतच्या गुंठ्यालाही मोल आले. पश्चिमेकडे भीमाशंकर, आहुपे आणि नाणेघाटाच्या बाजूला महादेव कोळी आणि ठाकर या आदिवासी समाजांची गावे आहेत. जुन्नर शहरात शतकानुशतकांची मुस्लिम वस्ती आहे. नारायणगाव ही तमाशापंढरी आहे. पाडव्याच्या सुमाराला तिथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे यात्रेकरी सुपारी द्यायला येतात. ओतूरला सत्यशोधक चळवळीचा वारसा आहे. एकाच प्रांताच्या टेबलावर येणाऱ्या या माणसांना वारसाचे वेगवेगळे कायदे लागू होतात, हे ध्यानात आले की क्षेत्राचा आवाका कळतो.

आता जुन्या कायद्याकडे वळू, कारण आजचा गुंता तिथून आलेला आहे. याज्ञवल्क्य स्मृतीवरच्या विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेने शूद्राच्या दासीपुत्राला बापाच्या संपत्तीत वाटा मान्य केला. बाप हयात असताना त्याच्या मर्जीने आणि बापामागे औरस भावांच्या निम्म्याने, अशी ती रीत. त्रैवर्णिकांच्या घरात मात्र अशा मुलाला पोटगीपलीकडे काही नव्हते. इंग्रजी अमलात मुंबई उच्च न्यायालयाने हा नियम आपल्या मुलखातल्या खटल्यांना लावला. १८७५ च्या राही विरुद्ध गोविंद या खटल्यात न्यायालयाने बाईचा आणि पुरुषाचा संबंध कायमचा होता का, हा निकष तपासला. १८७८ च्या सदू विरुद्ध बायजा या खटल्यात तर औरस भाऊ वारल्यावर एकत्र मिळकत लेकावळ्या, म्हणजे अनौरस, भावाकडे जाऊ शकते, इथवर न्यायालय गेले. त्या काळातल्या कुणब्याच्या घरातला असा मुलगा भावकीत खालच्या पाटावर बसत असेल, पण जमिनीत तो होता.

या नियमाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तो जातीवर उभा होता, मुलींना त्यात जागा नव्हती आणि आईला त्यात माणूस म्हणून काही स्थानच नव्हते. तरी अभ्यासकाने एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. लग्न मुळीच न झालेल्या आईच्या मुलाला बापाच्या मिळकतीत वाटा देणारा नियम आपल्याकडे, बहुसंख्य शेतकरी जातींत, शतकानुशतके होता. तो १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने गेला. आधुनिक कायदा आला की प्रत्येकाला अधिकच मिळते, हा आपला समज इथे तपासून घ्यावा लागतो.

रूढींसाठी आर्थर स्टील यांचे संकलन हाताशी असावे. एल्फिन्स्टनच्या काळात, १८२७ साली, दख्खनमधल्या जातींचे कायदे आणि चाली त्यांनी जमवून छापल्या. पाट-मोहतूर (पुनर्विवाह), काडीमोड, लेकावळ्यांचे हक्क यांची माहिती त्यात आहे. योगायोग असा की वारस दाखला देण्याचा अधिकार दिवाणी न्यायालयाला देणारे मुंबईचे आठवे रेग्युलेशनही १८२७ चेच, आणि महाराष्ट्रातली न्यायालये आजही त्याच आधारे वारस दाखला देतात. महादेव कोळ्यांविषयी कॅप्टन मॅकिंटॉश यांचा १८३० च्या दशकातला वृत्तांत आणि पुढे डॉ. गोविंद गारे यांचे लेखन वाचावे. १८८५ च्या पुणे गॅझेटियरमधली जातींची वर्णनेही उपयोगी पडतात, फक्त ती साहेबाच्या नजरेतून आली आहेत हे विसरू नये.

राजकीय इतिहासातून हा विषय आणखी उलगडतो. आंबेगावच्या शेजारी, शिरूर तालुक्यातल्या पाबळला मस्तानीची कबर आहे. तिचा मुलगा समशेर बहादूर याला पेशवाईच्या गादीचा प्रश्नच नव्हता. पण त्याला बुंदेलखंडात जहागीर मिळाली, तो पानिपतावर लढून १७६१ मध्ये गेला आणि बांद्याची नवाबी त्याच्या वंशात चालली. महादजी शिंदे हे राणोजींचे अनौरस पुत्र असल्याचे बहुतेक इतिहासकार नोंदवतात. दत्ताजी आणि जनकोजी पडल्यावर शिंद्यांच्या दौलतीचा वाद वर्षानुवर्षे चालला आणि अखेर सरदारी महादजींकडेच आली. पराक्रमी माणसाच्या बाबतीत समाजाने जन्माचा प्रश्न बाजूला ठेवला. चार बिघ्यांच्या धन्याच्या मुलाच्या बाबतीत मात्र तोच प्रश्न उंबरठ्यावर आडवा आला. वारसाहक्काचा अभ्यास हा दुसऱ्या मुलाचा अभ्यास आहे.

एकोणिसाव्या शतकात पुण्यात या प्रश्नाला थेट हात घातला तो जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी. १८६३ साली त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, काशीबाई या ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत दत्तक घेतला आणि १८८७ साली जोतीरावांनी मृत्युपत्र करून आपल्या मिळकतीची व्यवस्था त्याच्या नावे लावली. दत्तक आणि मृत्युपत्र ही दोन साधने आजही या मुलांसाठी सर्वांत खात्रीची आहेत. त्याच दशकात ओतूरच्या डुंबरे पाटलांनी ब्राह्मण पुरोहिताला न बोलावता घरचे लग्न लावले. ग्रामजोशांनी दावा लावला आणि वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. कोणते विधी झाले म्हणजे लग्न झाले, हा प्रश्न जुन्नर तालुक्याने तेव्हाच ऐरणीवर आणला होता, आणि पुढच्या शतकात कित्येक मुलांचा वारसा याच प्रश्नाला टांगून राहिला.

आता आजच्या कायद्याची रचना पाहू. इथे तीन साले ध्यानात ठेवली तर बराच धुरळा खाली बसतो. १९४६ पर्यंत मुंबई इलाख्यात हिंदू पुरुषाचे दुसरे लग्न कायदेशीर होते, त्यामुळे त्या लग्नाची मुले पूर्णपणे औरस. १९४६ च्या मुंबई द्विभार्या प्रतिबंधक कायद्याने ते रद्दबातल ठरवले; तो कायदा मुंबई उच्च न्यायालयाने नरसू अप्पा माळी खटल्यात उचलून धरला. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने एकपत्नीत्व देशभर लागू केले. १९७६ च्या दुरुस्तीने त्या कायद्याचे कलम १६ आजच्या रूपात आले: आईबापांचे लग्न रद्दबातल असले तरी मूल औरस, मात्र त्याचा हक्क आईबापांच्या मिळकतीपुरता, इतर नातेवाइकांच्या नाही. तेव्हा एखाद्या आजोबांच्या दुसऱ्या घराची गोष्ट कानावर आली की पहिला प्रश्न सालाचा विचारावा. १९४० सालच्या दुसऱ्या लग्नाची मुले अनौरस समजून गावाने बाजूला ठेवली असतील, तर ती मूळचीच चूक आहे. १९४६ ते १९५५ मधली लग्ने आणखी अवघड, कारण कलम १६ चे शब्द १९५५ च्या कायद्याखालच्या लग्नांविषयी बोलतात.

इथे एक भेद नीट समजून घ्यायला हवा, कारण गावात सगळ्यांना एकच विशेषण लावले जाते आणि पुष्कळदा वकीलही तसेच बोलतात. पहिली बायको असताना विधिपूर्वक दुसरे लग्न केले, तर त्या लग्नाची मुले कलम १६ मध्ये येतात. लग्नच झाले नाही, दोघे नुसते एकत्र राहिले किंवा तेवढेही नाही, तर ते मूल कलम १६ मध्ये येत नाही. त्याच्यासाठी १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याचे कलम ३ आहे. त्यातले नाते म्हणजे औरस नाते. अपवाद एवढाच की असे मूल आपल्या आईशी आणि एकाच आईची अशी मुले एकमेकांशी नात्याची मानली जातील. म्हणजे आईचा वारसा पूर्ण, बापाचा शून्य. बापाकडून अशा मुलाला मिळते ती पोटगी.

आकड्यांत मांडले की हा भेद डोळ्यांसमोर उभा राहतो. समजा, एका शेतकऱ्याची १२ एकर वडिलोपार्जित जमीन आहे. घरात बायको, एक मुलगा, एक मुलगी. दुसऱ्या गावी विधिपूर्वक केलेले दुसरे लग्न आणि त्या लग्नाचा एक मुलगा. मृत्युपत्र न करता तो आज वारला. मुलगी हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने सहदायाद, म्हणजे जन्मानेच वाटेकरी, आहेच. मृत्यूच्या आदल्या क्षणी वाटप झाले असे मानायचे: तो, बायको, मुलगा, मुलगी, प्रत्येकी ३ एकर. आता त्याच्या ३ एकरांचे वारस चार: बायको, मुलगा, मुलगी आणि दुसऱ्या लग्नाचा मुलगा. प्रत्येकी ३० गुंठे. पहिल्या घरातल्या तिघांना प्रत्येकी ३ एकर ३० गुंठे मिळाले, दुसऱ्या घरातल्या मुलाला ३० गुंठे. त्याच्या आईला काहीच नाही. तीच १२ एकर बापाने स्वतः कमावलेली असती, तर चौघांना तीन-तीन एकर. आणि दुसरे लग्नच झाले नसते, तर त्या मुलाला दोन्ही वेळा एक गुंठाही नाही. बाप तोच, रक्त तेच, तीन उत्तरे.

हे ३० गुंठेसुद्धा सहज आलेले नाहीत. २००२ साली जिनिया केओटिन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की अशा मुलांना वडिलोपार्जित मिळकतीत मागणी करता येत नाही. २०११ साली कर्नाटकातून आलेल्या रेवणसिद्दप्पा खटल्यात न्या. सिंघवी आणि न्या. गांगुली यांनी त्याबद्दल असहमती दाखवून प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवला. आईबापांचे नाते कसेही असो, मुलाचा जन्म त्यापासून वेगळा पाहिला पाहिजे, असा त्यांचा विचार होता. १ सप्टेंबर २०२३ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या त्रिसदस्य पीठाने उत्तर दिले. मूल जन्माने सहदायाद होणार नाही, पण मानीव वाटपात बापाच्या वाट्याला जे आले असते त्यात त्याचा हक्क आहे. बारा वर्षे हा प्रश्न लोंबकळत होता. तेवढ्या काळात किती फेरफार मंजूर झाले आणि किती दाव्यांत तडजोड झाली, याचा शोध अजून व्हायचा आहे. पीएच.डी. साठी विषय शोधणाऱ्याला हा तयार विषय आहे.

पुराव्याची बाजू याहून कठीण आहे. १९६५ सालचा भाऊराव लोखंडे खटला महाराष्ट्रातला. दुसरे लग्न गांधर्व पद्धतीने लावलेले. आवश्यक विधी सिद्ध झाले नाहीत म्हणून सर्वोच्च न्यायालयाने नवऱ्याला द्विभार्येच्या आरोपातून सोडले. फौजदारी कायद्याच्या दृष्टीने ते समजण्यासारखे आहे. पण त्याचा परिणाम पाहा. विधी झाले नाहीत असे म्हणून बाप शिक्षेतून सुटतो आणि त्याच युक्तिवादाने मूल कलम १६ च्या बाहेर फेकले जाते. बापाची ढाल मुलाच्या मानेवर येते. दिवाणी कोर्टात दीर्घ सहवासावरून लग्न गृहीत धरण्याची वाट आहे. १९७८ च्या बद्रीप्रसाद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पन्नास वर्षांच्या सहवासानंतर पुरोहित आणि साक्षीदार मागणे नाकारले. तेव्हा रेशनकार्ड, शाळेचा दाखला, मतदार यादी, लग्नपत्रिका, जागरण-गोंधळाचे फोटो, यांतला प्रत्येक कागद जपून ठेवायला हवा.

पश्चिमेकडे भीमाशंकरच्या डोंगरात गेलो की हा सगळा कायदा थांबतो. हिंदू विवाह आणि हिंदू उत्तराधिकार हे दोन्ही कायदे अनुसूचित जमातींना आपोआप लागू नाहीत. दोन्हींच्या कलम २ मध्ये तसे स्पष्ट लिहिले आहे. महादेव कोळी किंवा ठाकर घरातल्या मुलाला कलम १६ चा आधार मागता येत नाही. तिथे रूढी पाहायची. रूढी मात्र लिहिलेली नाही, ती सिद्ध करावी लागते, आणि सिद्ध करण्याचा भार तिच्यावर हक्क सांगणाऱ्यावर पडतो. २०२५ साली रामचरण विरुद्ध सुखराम खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आदिवासी स्त्रीच्या वारसांना समान वाटा मान्य करताना समतेचे तत्त्व पुढे ठेवले. लग्नाबाहेरच्या आदिवासी मुलांसाठी त्याचा अर्थ काय, यावर अजून कोणी सविस्तर लिहिलेले मला दिसले नाही. या गावांतल्या रूढी जुन्या माणसांकडून ऐकून, पाड्यागणिक टिपून ठेवण्याचे काम आत्ताच व्हायला हवे. डिंभे धरणाने जुने आंबेगाव बुडवले तेव्हा जमिनीबरोबर कुटुंबांची गणनाही नव्याने झाली. पुनर्वसनाच्या कागदावर कुटुंबात कोण धरले गेले, हाही वारसाचाच प्रश्न आहे.

जुन्नरच्या मुस्लिम कुटुंबांत हनफी कायद्याप्रमाणे लग्नाबाहेरचे मूल आईकडून वारसा घेते, बापाकडून नाही. मात्र लग्न शक्य होते अशा परिस्थितीत बापाने मूल आपले म्हणून कबूल केले, तर त्या कबुलीला तिथे मोठे वजन आहे. पोर्तुगीज नागरी कायद्याच्या परंपरेतल्या गोव्यातही बापाने रीतसर मान्य केलेल्या मुलाला वारसात जागा मिळत आली. बापाच्या मान्यतेला कायदेशीर अर्थ देण्याची ही कल्पना आपल्या हिंदू कायद्यात नाही. तिचा विचार व्हावा.

नारायणगावकडे येताना अभ्यासकाने पूर्वग्रह बाहेर ठेवावेत. तमाशातल्या बाईचा संसार इतरांसारखाच असू शकतो, असतो. परंतु कलावंतिणींच्या काही समाजांत मुलांनी आईचेच नाव लावण्याची चाल राहिली आणि डॉ. किशोर शांताबाई काळे यांच्या ‘कोल्हाट्याचं पोर’ने ती वाचकांपर्यंत नेली. त्याआधी, १९८४ मध्ये, शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’ने पाटलाच्या वाड्यातल्या बापाचे नाव न मिळालेल्या मुलाचे जगणे मांडले. कायद्याच्या अभ्यासकाने ही दोन पुस्तके निवाड्यांच्या शेजारी ठेवून वाचावीत. आईच्या बाजूने कायदा इथे भक्कम आहे: तिचे घर, दागिने, बँकेतले पैसे यांवर तिच्या मुलांचा हक्क लग्न विचारून ठरत नाही. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव वडिलांच्या आधी लिहिण्याचा निर्णय राज्य सरकारने घेतला, तोही या दिशेचा आहे. आईच्या नावे मिळकत करणे हा या मुलांना सुरक्षित करण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे, हे फडावरच्या आणि शेतावरच्या दोन्ही बायांना सांगितले पाहिजे.

आता पुन्हा चावडीकडे. वारसाची वर्दी तीन महिन्यांत द्यावी असे जमीन महसूल संहिता सांगते. फेरफाराची नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात, हरकत आली तर प्रकरण सहा-अ मध्ये, विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते आणि मंडळ अधिकाऱ्यापुढे चालते. त्यावर मंचरला प्रांतांकडे अपील. फेरफार मालकी ठरवत नाही, तो वसुलीसाठी आहे, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. मालकीसाठी जुन्नरच्या किंवा घोडेगावच्या दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा लावायचा. कायद्याच्या पुस्तकात हे ठीक आहे. पण सोसायटीचे कर्ज, पीकविमा, अनुदान, रस्त्याच्या भूसंपादनाचा मोबदला, सगळे सातबारावरच्या नावाला मिळते. ज्याचे नाव लागले नाही तो मुलगा दाव्याच्या निकालापर्यंत हात बांधून बसतो आणि त्या दाव्याचा खर्च त्यालाच उचलायचा असतो. पंधरा दिवसांची नोटीस त्याच्या गावात लागत नाही, कारण तो दुसऱ्या गावात आईकडे राहतो. हक्क असूनही तो बुडतो तो इथे, कोणत्याही न्यायाधीशाने नाही म्हटलेले नसताना.

या क्षेत्रात शिरताना जगाकडेही एक नजर टाकावी. जर्मनीने १९४९ च्या राज्यघटनेतच अशा मुलांना समान संधी देण्याची जबाबदारी कायदे करणाऱ्यांवर टाकली. १९७९ साली मार्क्स विरुद्ध बेल्जियम खटल्यात युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने वारसातला भेदभाव चूक ठरवला. ब्रिटनने १९८७ साली हा भेद कायद्यातून काढला. आपल्याकडे २०२५ पासून लागू झालेल्या उत्तराखंडच्या समान नागरी कायद्याने औरस-अनौरस फरक मिटवला आहे; अनुसूचित जमाती त्यातही वगळलेल्या आहेत. त्या कायद्याविषयी मतभेद कितीही असले, तरी त्यातली ही तरतूद वेगळी काढून अभ्यासण्यासारखी आहे.

काम करताना काही पथ्ये पाळावीत. लग्नाचे साल, जमिनीचा प्रकार, लागू कायदा आणि हातातले कागद, एवढे आधी टिपावे. मग मत बनवावे. कोणत्याही कुटुंबाचे नाव लेखनात येऊ देऊ नये. ज्या मुलाने किंवा मुलीने हा विषय स्वतः मागे टाकला आहे, त्याच्या दारात प्रश्नावली घेऊन उभे राहू नये. पहिल्या घरातल्या बायकोकडे आणि मुलांकडे आरोपी म्हणून पाहू नये. त्यांच्या पदरातही फसवणूकच पडलेली असते, आणि ३० गुंठे देताना त्यांची जमीन कमी होते हे खरे आहे. दुसऱ्या घरातल्या बाईला कायदा आजही वारस मानत नाही. २०१३ च्या बादशाह विरुद्ध गोडसे या महाराष्ट्रातल्याच खटल्यात, पहिले लग्न लपवून फसवलेल्या स्त्रीला सर्वोच्च न्यायालयाने पोटगी दिली, पण वारसाहक्काचा प्रश्न तिच्यापुरता उघडाच राहिला आहे. तोही या क्षेत्राचा भाग माना.

आपल्याला करता येण्यासारख्या गोष्टी हाताबाहेरच्या नाहीत. वारसनोंदीच्या प्रतिज्ञापत्रात मयताच्या सर्व अपत्यांची नावे विचारणारा वेगळा रकाना असावा. खोट्या प्रतिज्ञापत्राची जबाबदारी ते देणाऱ्याला आधी वाचून दाखवली जावी. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम ३ मधला तो अपवाद आईपुरता न राहता बापापर्यंत वाढवावा. त्यासाठी दुरुस्ती एका वाक्याची पुरेल. तोवर बापाला मृत्युपत्राचा आणि आईला आपल्या नावावरच्या मिळकतीचा मार्ग मोकळा आहे, हे गावागावात सांगत राहावे. बाप होणे ही गोष्ट लग्नाच्या विधीने सिद्ध होत नाही आणि विधी चुकल्याने नाहीशीही होत नाही. कायदा, कागद आणि भावकी या तिघांनाही हे मान्य करायला लावणे हे या क्षेत्रातल्या अभ्यासाचे प्रयोजन आहे, आणि त्यासाठी इथे येणाऱ्या प्रत्येक नव्या हाताची गरज आहे.